छळ केला नाही, एवढेच पुरेसे आहे काय?

ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेले वर्म्स हे जर्मनीतील एक छोटेखानी नगर. लोकवस्तीने ते बीड शहराहूनही लहान. बाराव्या शतकातील भव्य कॅथेड्रल हे त्याचे भूषण. १५२१ मध्ये मार्टिन ल्यूथरला सम्राटासमोर उभे करण्यात आले ते याच नगरात. परंतु वर्म्सची आणखी एक ओळख आहे. १०३४ मध्ये येथे ज्यू समाजाने आपले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ उभारले. येथील ज्यू दफनभूमीत अकराव्या शतकातील थडगे आजही उभे आहे. ज्यू धर्मशास्त्राचा महान भाष्यकार राशी याच नगरात शिकला. जवळजवळ नऊशे वर्षे हा समाज या नगराचा घटक होता.

या नऊशे वर्षांत त्याच्या वाट्याला काय आले? १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघालेल्या जमावांनी वाटेतच वर्म्समधील शेकडो ज्यूंची कत्तल केली. १३४९ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष कालवले असा आरोप ठेवून पुन्हा संहार झाला. ज्या ल्यूथरला युरोपातील धर्मस्वातंत्र्याचा उद्गाता म्हणून गौरविले जाते, त्यानेच १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळावीत असा उपदेश लेखी स्वरूपात केला. चार शतकांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्या उपदेशाची अंमलबजावणी झाली. वर्म्सचे सिनेगॉग पेटविण्यात आले. उरलेल्यांना १९४२ मध्ये मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्यात आले.

महायुद्धानंतर जर्मनीने ते सिनेगॉग दगडावर दगड रचून पुन्हा बांधले. १९६१ मध्ये ते खुले झाले. २०२१ मध्ये वर्म्स, श्पायर आणि माइन्झ या तीन नगरांतील ज्यू वारशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. गुंटर डेमनिग या कलावंताच्या प्रेरणेने युरोपभर, मृत ज्यूंच्या राहत्या घरांसमोर पदपथावर त्यांच्या नावांचे पितळी चौकोन बसविण्यात आले. त्यांची संख्या आता एक लाखावर गेली आहे. शाळकरी मुले ते चौकोन घासूनपुसून लख्ख ठेवतात.

आता नजर वळवावी ती कोकण किनाऱ्याकडे. अलिबागपासून काही किलोमीटरवर नवगाव नावाचे गाव आहे. तेथेही ज्यूंची एक प्राचीन दफनभूमी आहे. या भूमीत कोणाच्याही तलवारीने मारलेला ज्यू पुरलेला नाही. समुद्राने ज्यांचे प्राण घेतले त्यांची ती विश्रांतीची जागा. किनाऱ्याला लागलेल्या वाचलेल्यांना या भूमीने शतकानुशतके सांभाळले. परंतु महाराष्ट्रातील किती सुशिक्षितांना नवगाव ठाऊक आहे? ज्यांना मारले त्यांची नावे जर्मनी पितळेत कोरून ठेवते. ज्यांना जगविले त्यांची नावे मात्र महाराष्ट्र विसरत चालला आहे.

सात जोडपी आणि एक किनारा

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ आणि चीजवस्तू समुद्राने गिळल्या. उरले ते स्मरणात राहिलेले एक प्रार्थनावचन, मुलग्यांच्या सुंतेचा विधी, अन्नाचे काही नियम आणि शनिवारच्या विश्रांतीचे व्रत. हे नेमके कोणत्या शतकात घडले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु पुढे जे घडले त्याविषयी मतभेदाला जागा नाही.

हा समाज कोकणातील गावागावांत पसरला. तेलाचा घाणा हा त्याचा प्रमुख व्यवसाय झाला. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. या दोन शब्दांत सामाजिक इतिहासाचे एक प्रकरण सामावलेले आहे. गावाने त्यांना शनिवारी घाणा चालवा असा हुकूम सोडला नाही. 'तुमचा देव कोणता?' अशी चौकशी करण्यासाठी न्यायासन मांडले नाही. त्यांचे वेगळेपण हीच त्यांची ओळख मानली आणि तेल घ्यायचे ते रविवारी घेतले.

त्यांनीही या मातीला परके मानले नाही. किहीमचे ते केहिमकर झाले, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर. त्यांच्या सणांची नावे पाहावीत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण! जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी पाळला जातो, त्या दिवसाला कोकणातील बिरड्याचे नाव मिळावे, यापरते समरसतेचे उदाहरण कोणते? पैगंबर एलियाहूच्या नावे ते मलिदा करतात. त्यात पोहे असतात, खोबरे असते, गूळ असतो, फळे असतात. अलिबागजवळील खंडाळे गावी एलियाहूच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. पुण्यभूमी जेरुसलेम खरी, पण तिचा पैगंबर कोकणात उतरला! ज्या समाजाला एखादी भूमी परकी वाटते, तो आपला पैगंबर तिथे उतरवीत नाही.

मराठी भाषेशी त्यांचे नाते केवळ व्यवहाराचे नव्हते. त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या अशाच पोथीत लुगडे नेसलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि गाइली. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील एका समाजाचा इतिहास छापला गेला तो तेल अवीवमध्ये, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

या मूठभर समाजाने देशाला काय दिले? सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनीच्या सैन्यातील अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. लोकमान्य टिळकांच्या बचावासाठी न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांत डेव्हिड एरुळकर होते. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर हे गांधीजींवर उपचार करणारे वैद्य. मुंबईचा डॉ. ई. मोझेस मार्ग ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते मुंबईचे महापौर होते. झिराड गावाचे नाव आडनावात वागविणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी राहून स्त्रीवैद्यकाची सेवा केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश'मधील डेव्हिड म्हणून अवघा देश ज्यांना ओळखतो ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली आणि वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांची कविता इंग्रजीत नेली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद भूषविलेले व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन याच समाजाचे. कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुळातील ले. जन. जेकब यांनी १९७१ मध्ये ढाक्यातील शरणागती घडवून आणण्यात बजावलेली कामगिरी तर सर्वश्रुत आहे. यांपैकी कोणीही अल्पसंख्य म्हणून राखीव कोटा मागितला नाही, की आपल्या निष्ठेचे मोल वसूल केले नाही.

सहिष्णुता कोणी कोणाला शिकवावी?

या देशातील एका विद्वद्वर्गाचा लाडका सिद्धान्त असा की सहिष्णुता ही युरोपीय प्रबोधनाची देणगी आहे आणि ती हिंदू समाजाला शिकवावी लागते. या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायची असेल तर तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. १४९२ मध्ये स्पेनने आपल्या सर्व ज्यूंना देशाबाहेर घालविले. १५१६ मध्ये व्हेनिसने ज्यूंना एका वाड्यात कोंडले. त्या वस्तीचे नाव 'घेट्टो' आणि तो शब्द पुढे जगभर गेला. १५६८ मध्ये कोचीच्या हिंदू राजाने काय केले? आपल्या राजवाड्याला लागून असलेली जागा ज्यूंना सिनेगॉग बांधण्यासाठी दिली. त्याच वर्षी, त्याच भारताच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीजांच्या गोव्यात गार्सिया द ऑर्ता हा वैद्य मरण पावला. भारतीय वनौषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला होता. तो ज्यू कुळातील होता आणि गुप्तपणे जुना धर्म पाळत होता असे ठरवून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याच्या बहिणीला तर त्याआधीच, १५६९ मध्ये, जिवंत जाळण्यात आले होते.

एकच भूमी, एकच शतक. राजा हिंदू असेल तेथे सिनेगॉगला राजवाड्याशेजारी जागा आणि युरोपीय धर्मसत्ता असेल तेथे हाडांनाही विश्रांती नाही. गोव्यातील ते इन्क्विझिशन १५६० पासून, मधल्या अल्प खंडाचा अपवाद वगळता, १८१२ पर्यंत चालले. चौल-रेवदंड्याचा मुलूख १७४० मध्ये मराठ्यांनी घेतला तेव्हाच तो पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. १८४२ मध्ये त्याच रेवदंड्यात बेने इस्रायलांचे 'बेथ एल' सिनेगॉग उभे राहिले. अलिबागच्या इस्रायल आळीतील 'मागेन आबोथ' १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे, पेणचे १८६३ चे. पुण्यातील बगदादी ज्यूंच्या १८६७ च्या 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉगला तर पुणेकरांनी 'लाल देऊळ' हेच नाव बहाल केले. परक्याच्या प्रार्थनास्थळाला सहजपणे 'देऊळ' म्हणणारा समाज असहिष्णू असतो काय?

यावर प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद असतो आणि त्याची दखल घ्यायला हवी. तो असा की हिंदू समाजाने ज्यूंना सामावून घेतले ते औदार्याने नव्हे, जातिव्यवस्थेच्या सवयीने. आणखी एक जात म्हणून एका कप्प्यात बसविले आणि सोडून दिले. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे हे नाकारण्याचे कारण नाही. बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद शिरला आणि रोटीबेटी व्यवहार तुटला, तो कोणाच्या संगतीचा परिणाम हे सांगायला नको. जातिभेदाचे विष असे पाहुण्याच्या पानातही उतरते. पण म्हणून कप्पा आणि घेट्टो एकच ठरत नाहीत. घेट्टोला भिंत होती, रात्री कुलूप होते, बाहेर पडताना अंगावर ओळखीची खूण लावावी लागे. शनिवार तेल्याच्या घराला भिंत नव्हती. त्याच्या अंगावर पिवळा बिल्ला नव्हता. त्याची आळी कधी पेटली नाही. दोन हजार वर्षांच्या ज्यू इतिहासात असे म्हणता येईल असे भूप्रदेश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांत कोकण आहे.

स्वतंत्र भारताच्या भूमीवर ज्यूंचे रक्त ज्यू म्हणून सांडले गेले ते २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात, मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये. रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि त्यांचे पाहुणे यांची हत्या करणारे मारेकरी पाकिस्तानातून समुद्रमार्गे आले होते. ज्या समुद्राने एकेकाळी ज्यूंना या किनाऱ्यावर जीवदान दिले त्याच समुद्रातून त्यांचे मारेकरी यावेत, हा इतिहासाचा क्रूर योगायोग. पण त्या हल्ल्यातही दोन वर्षांच्या मोशेला छातीशी धरून बाहेर काढणारी सँड्रा सॅम्युएल ही भारतीयच होती.

दिल्लीचा चार दशकांचा संकोच

समाजाने जे केले त्याला साजेसे शासनाने केले काय? नोव्हेंबर १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे स्वागत करणारे आणि भारताच्या मताविषयी खेद व्यक्त करणारे पत्रक स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९ डिसेंबर १९४७ रोजी काढले, ते अरण्यरुदन ठरले. १९४९ मध्ये इस्रायलच्या राष्ट्रसंघ प्रवेशालाही भारताने विरोध केला. १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला २९ जानेवारी १९९२ उजाडावा लागला. मधल्या काळात, १९७५ मध्ये, देशात आणीबाणी असताना, झायनवाद म्हणजे वंशवाद होय अशा अर्थाच्या राष्ट्रसंघाच्या ठरावाला भारताने अनुकूल मत दिले. जगात सर्वत्र हाकलला गेलेला समाज आपले घर मागतो, ही गोष्ट ज्या देशाने सर्वाधिक समजून घ्यायची, त्याने त्या मागणीला वंशवादाचे लेबल लावणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे! तो ठराव १९९१ मध्ये रद्द झाला तेव्हा भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिले, हे खरे. पण सोळा वर्षांनंतर.

या संकोचाचे खापर एकाच पक्षावर फोडून मोकळे होता येणार नाही. १९७७ मध्ये जनता राजवटीत मोशे दायान गुप्तपणे दिल्लीत आले आणि रिकाम्या हाताने परत गेले. संबंधांचा निर्णय घेतला तो नरसिंह रावांनी, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पुढे २००३ मध्ये एरियल शेरॉन भारतात आले. २०१७ मध्ये नरेंद्र मोदी हे इस्रायलला जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान ठरले. पण १९९२ पर्यंत तेल अवीवमध्ये भारताचा दूतावास नव्हता. याची झळ कोणाला बसली? मुत्सद्द्यांना नव्हे. ती बसली डिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या गावांत राहणाऱ्या केहिमकरांना आणि पेणकरांना, ज्यांची म्हातारी माणसे पनवेलला आणि ठाण्याला होती.

इस्रायल या राष्ट्राच्या धोरणांविषयी कोणाची मते काहीही असोत. कोकणातील ज्यूंचा प्रश्न हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न नाही, तो महाराष्ट्राच्या घरातला प्रश्न आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातील ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती पाच हजारांच्याही आत आली. हे लोक छळामुळे गेले नाहीत. धर्मभूमीची ओढ, रोजगाराची चिंता, गेलेल्या नातेवाइकांची साद या कारणांनी ते गेले. काहींना तेथे करमलेही नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी काही कुटुंबांनी परत भारतात पाठवा म्हणून तेथे धरणे धरले आणि ती परतली. पुढे तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली, तेव्हा त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. ज्यांना कोकणात कोणी 'तू कोण?' असे विचारले नाही, त्यांना तो प्रश्न स्वधर्मीयांनी विचारला! तरीही त्यांनी मराठी टाकली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून चालविले. आणि ज्या महाराष्ट्राची ही मायबोली, त्या महाराष्ट्राने या समाजाला अल्पसंख्य म्हणून अधिकृत मान्यता दिली ती २०१६ मध्ये.

घरातील फडताळ उघडावे

येथवरचा हिशेब इतरांचा झाला. आता एक कटू प्रश्न राष्ट्रीय विचारांच्या घरांसाठी. ज्यूंना हिंदूंनी कधी छळले नाही हे वाक्य व्याख्यानांत, बौद्धिकांत, दिवाणखान्यातील चर्चेत अभिमानाने उच्चारले जाते. ते सत्य आहे. पण त्याच दिवाणखान्यातील पुस्तकांच्या फडताळात अनेकदा हिटलरचे आत्मचरित्रही सापडते. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावर, पुस्तक प्रदर्शनांत, व्यवस्थापनाच्या आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या ओळीत ते मांडलेले असते आणि महाविद्यालयीन तरुण ते 'प्रेरणादायी' म्हणून विकत घेतात. 'या देशाला एक हिटलरच हवा' हे वाक्य बेशिस्त वाहतुकीपासून भ्रष्टाचारापर्यंत कोणत्याही विषयावर सहज टाकले जाते.

ज्याने साठ लाख ज्यूंचा संहार घडविला त्याचे पुस्तक फडताळात आणि ज्यूंना आश्रय दिल्याचा अभिमान ओठांवर, हे कसे जुळावे? शनिवार तेल्यांच्या शेजारधर्माचा वारसा सांगणाऱ्याला हिटलरचे आकर्षण वाटत असेल तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे. शिस्त हवी असेल तर शिवछत्रपतींच्या आज्ञापत्रांत ती आहे, रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावण्याच्या दंडकात ती आहे. त्यासाठी बर्लिनच्या खाटकाकडे जाण्याची गरज नाही. हिंदुत्वाच्या विरोधकांना हे विचार नाझीवादाशी जोडण्यात आनंद वाटतो. त्यांच्या हाती आयते शस्त्र देणारे हे घरातलेच अज्ञान आहे आणि ते लेखांनी नव्हे, फडताळ रिकामे करूनच दूर होईल.

छळ न करणे हा पुण्याचा संचय नव्हे, तो किमान धर्म होय. शेजाऱ्याचे घर जाळले नाही म्हणून कोणी सत्कार मागत नाही. शेजारी निघून गेल्यावर त्याच्या दारातील दिवा कोण लावतो, यावरून शेजारधर्म पारखला जातो. ज्यू सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. कोकणातील जुन्या सिनेगॉगमध्ये ही संख्या जमविणे आज अवघड झाले आहे. उरलेली मोजकी कुटुंबे निष्ठेने दिवाबत्ती करतात. परंतु जेथे एकही घर उरले नाही, त्या गावांतील दफनभूमींच्या शिळा गवत आणि वेली यांच्या स्वाधीन होतात.

बीडला याचे काय?

बीड, अंबाजोगाई, परळी या गावांपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथे ज्यूंची आळी नाही, सिनेगॉग नाही. मग बीडकरांनी याचा विचार का करावा?

याचे पहिले कारण असे की भाषा आणि ओळख यांवर घाला येणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. निजामी राजवटीत अंबाजोगाई हे नावही पुसले गेले होते आणि कागदोपत्री मोमिनाबाद झाले होते. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावी मराठी शिक्षणासाठी झगडावे लागले. योगेश्वरी विद्यालयासारख्या शाळांनी आणि स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनी ती ज्योत जपली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा प्रदेश मोकळा झाला. ज्यांनी आपली मराठी अशी झगडून राखली, त्यांना डिमोनाच्या वाळवंटात मराठी राखणाऱ्यांचे मोल इतरांहून अधिक कळायला हवे.

दुसरे कारण असे की गाव सुटणे म्हणजे काय, हेही या जिल्ह्याला ठाऊक आहे. दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की येथील हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि बंद दारे. त्या बंद दारांवर शेजारी नजर ठेवतो, तुळशीला पाणी घालतो. बेने इस्रायलांचे स्थलांतर याहून वेगळे आणि कायमचे, पण बंद दारापुढचे शेजाऱ्याचे कर्तव्य तेच.

हे कर्तव्य अवघड नाही. बीड जिल्ह्यातील शाळांच्या सहली अलिबाग-मुरूडला जातात. मुले कुलाबा किल्ला पाहतात, समुद्रात भिजतात आणि परत येतात. त्याच सहलीत एक तास इस्रायल आळीसाठी आणि एक तास नवगावसाठी काढावा. इतिहासाच्या तासाला हिटलर शिकविताना शिक्षकांनी दहा मिनिटे शनिवार तेल्यांना द्यावीत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी बेने इस्रायलांची मराठी कीर्तने आणि मलिद्याच्या वेळची गाणी, ती म्हणणारी माणसे हयात आहेत तोवर, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. सेवाकार्यात अग्रेसर असलेल्या संघटनांनी किनाऱ्यावरील दफनभूमींच्या स्वच्छतेचे काम त्या समाजाच्या अनुमतीने आणि त्याच्या धर्मनियमांनुसार हाती घ्यावे. तेथे स्वतःचा फलक लावू नये, छायाचित्रांचा उत्सव करू नये. शासनाने या प्रत्येक जागेची नोंद, मोजणी आणि संरक्षण करावे, कारण किनाऱ्यावरील जमिनीला सोन्याचा भाव आला आहे आणि निवेदन घेऊन येणारे वारस हजारो किलोमीटर दूर आहेत.

वर्म्सचे सिनेगॉग पुन्हा उभे राहिले ते पश्चात्तापातून. महाराष्ट्राला पश्चात्ताप करावा लागेल असे काही घडले नाही, हे त्याचे भाग्य. पण पश्चात्तापाशिवाय कृतज्ञता जागी होत नसेल तर त्या भाग्याला अर्थ उरत नाही. ज्यांच्यामुळे 'आम्ही कोणाचा छळ केला नाही' हे वाक्य जगापुढे ताठ मानेने उच्चारता येते, ते साक्षीदार नवगावच्या मातीत निजले आहेत. त्या साक्षीदारांची नावे पुसली गेली, तर उद्या या वाक्याला पुरावा मागणाऱ्याच्या पुढे हिंदू समाज काय ठेवणार?